लुनाला पॅडल, जहाजाला हवा: समुद्रापासून लांब असलेल्या नगरच्या कारखान्यांना जहाजाचं काम मिळेल का?

१९७२ साली बाजारात आलेली लुना नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. इंजिन पन्नास सीसीचं आणि चालू करायला सायकलसारखं पॅडल. दोन-चार पॅडल मारले की इंजिन धरायचं. कुठलंही डिझेल किंवा पेट्रोल इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला आधी बाहेरून कुणीतरी फिरवावं लागतं. लुनाला पाय फिरवायचा, स्कूटरला किक, कारला बॅटरीवरची स्टार्टर मोटर.

मग दोन हजार टनांहून जड असलेल्या, चार-पाच मजली इमारतीएवढ्या जहाजाच्या इंजिनाला कोण फिरवतं?

उत्तर आहे हवा. जहाजावर दोन मोठ्या टाक्यांमध्ये ती दाबून भरलेली असते आणि ती भरण्याचं काम एअर कॉम्प्रेसर करतो. तो बंद पडला आणि टाक्या रिकाम्या झाल्या, तर अब्जावधी रुपयांचं जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारं लोखंड.

एवढ्या तांत्रिक गोष्टीची चर्चा आत्ता करण्याचं कारण पैशांचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही जहाजबांधणी, दुरुस्ती आणि पुनर्वापर यांचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं होतं. त्यामुळे ‘आता जहाजं इथेच बनणार, कामं इथल्याच कारखान्यांना मिळणार’ अशा पोस्ट फिरू लागल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नागापूर आणि सुपा एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग, मोटरी आणि एसी बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज आला, तर त्यात खरं किती धरायचं? हा एकच कॉम्प्रेसर नीट समजून घेतला की त्याचा बराचसा अंदाज येतो.

पंक्चरच्या दुकानापासून इंजिन रूमपर्यंत

कॉम्प्रेसर नगरकरांना नवा नाही. पंक्चरच्या दुकानात तो असतो, आणि कारमध्ये ‘बत्तीस पाउंड’ हवा तिथूनच भरली जाते. म्हणजे साधारण सव्वादोन बार. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब. ट्रकच्या टायरला सुमारे आठ बार लागतात. पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या माणसाने याहून मोठा कॉम्प्रेसरही पाहिलेला असतो. विहिरीच्या तळाचा खडक फोडताना ट्रॅक्टरवर धडधडतो तो, आणि बोअर मारणाऱ्या गाडीवरचा त्याहून दांडगा. तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरच्या गाड्या दुष्काळी वर्षात जिल्हाभर फिरताना दिसतात. त्यांच्या कॉम्प्रेसरचा दाब तीनशे पाउंडांच्या घरात, म्हणजे वीस बारच्या आसपास असतो.

जहाजाचं मुख्य इंजिन सुरू करायला तीस बार लागतात. पाउंडात सांगायचं तर चारशे पस्तीस.

ही हवा थेट इंजिनाच्या सिलिंडरमध्ये सोडली जाते. कोणत्या सिलिंडरचा पिस्टन खाली ढकलण्याच्या स्थितीत आहे हे पाहून त्या क्रमाने व्हॉल्व्ह उघडतात. पिस्टन खाली जातात, क्रँकशाफ्ट फिरू लागतो, आणि पुरेसा वेग आला की हवा बंद होऊन इंधनाचा फवारा सुरू होतो. एवढ्या मोठ्या इंजिनाला फिरवायला विजेची मोटर लावायची तर ती आणि तिची बॅटरी अवाढव्य होईल. हवेचं सोपं असतं. ती टाकीत साठवून ठेवता येते, जहाजाची वीज गेली तरी टाकीतच राहते आणि तिच्यातून ठिणगी पडत नाही.

गंमत पुढे आहे. मोठ्या मालवाहू जहाजांच्या बहुतेक इंजिनांना गिअरबॉक्स नसतो. पंखा थेट इंजिनाला जोडलेला. जहाज मागे न्यायचं तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करावं लागतं. बंदरात शिरताना पायलट ‘हळू पुढे’, ‘थांबा’, ‘हळू मागे’ असे हुकूम देत असतो, आणि दर वेळी टाकीतली हवा खर्च होते. म्हणून वर्गीकरण संस्थांचा नियम असा आहे की अशा इंजिनासाठी टाक्यांमध्ये इतकी हवा हवी, की नव्याने न भरता लागोपाठ किमान १२ वेळा, एकदा पुढे एकदा मागे असं इंजिन सुरू करता आलं पाहिजे. ज्यांचं इंजिन एकाच दिशेने फिरतं त्यांना ६ वेळा. आणि रिकाम्या टाक्या पूर्ण भरायला कॉम्प्रेसरना मिळून एक तासापेक्षा जास्त लागता कामा नये. कॉम्प्रेसर किमान दोन हवेत, आणि त्यातला निदान एक मुख्य इंजिनावर अवलंबून नसलेला.

तिसरा एक छोटा असतो, आणीबाणीचा. जहाज पूर्ण अंधारात गेलं, जनरेटर बंद, टाक्या रिकाम्या, अशा ‘मृत जहाज’ अवस्थेतून उठायचं तर सुरुवात कुठून करायची? तर हा छोटा कॉम्प्रेसर आणीबाणीच्या जनरेटरवर, हाताने चालू होणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनावर किंवा थेट हाताने चालवायचा. त्याच्या हवेवर एक जनरेटर सुरू करायचा, जनरेटरच्या विजेवर मोठा कॉम्प्रेसर आणि मग मुख्य इंजिन. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा अवस्थेतून अर्ध्या तासात जहाजाची यंत्रणा पुन्हा उभी करता यायला हवी. लुनाचं पॅडल जहाजावर सापडतं ते असं, तीन पायऱ्या खाली.

अर्धा तास हा कागदावर कमी वाटतो. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पुलावर ‘डाली’ हे कंटेनर जहाज आदळलं, तेव्हा वीज जाण्यापासून धडकेपर्यंत हातात जेमतेम चार-पाच मिनिटं होती. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. पुलावर काम करणाऱ्या सहा मजुरांचा त्यात जीव गेला. तिथे दोष कॉम्प्रेसरचा नव्हता. तपासात बोट ठेवलं गेलं ते नीट न बसलेल्या एका वायरवर. पण वीज जाताच पंप थांबले, मुख्य इंजिन आपोआप बंद झालं आणि ते पुन्हा सुरू करायला वेळच उरला नाही. जहाजावर ‘पुन्हा चालू करू’ ही गोष्ट कारसारखी चावी फिरवण्याची नसते, हे त्या रात्री जगाला दिसलं.

इंजिन सुरू झालं की कॉम्प्रेसरचं काम संपतं असंही नाही. जहाजाचा भोंगा हवेवर वाजतो. आग लागली तर इंधनाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह लांबून बंद करायची सोय हवेवर चालते. डेकवरचा गंज खरवडण्याची हत्यारं हवेवर. आधुनिक मोठ्या इंजिनांमध्ये तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटवायला लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेची ‘स्प्रिंग’ असते. सात बारची ही हवा गेली तर धावतं इंजिनही थांबतं.

एका दमात का दाबत नाहीत?

सायकलचा पंप जोरजोरात मारला की त्याचं खालचं टोक गरम होतं, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते. सत्तावीस अंशांची हवा मध्ये कुठेही थंड न करता एका दमात तीस बारपर्यंत दाबली, तर हिशोबाने तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जातं. कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये वंगणाचं तेल असतं. पाचशे अंशांची दाबलेली हवा आणि तेल एकत्र येणं म्हणजे डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवलं जातं तेच नको तिथे घडणं.

म्हणून हवा दोन टप्प्यांत दाबतात. पहिल्या सिलिंडरमध्ये साधारण साडेपाच पट, मग इंटरकूलरमधून नेऊन थंड, मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा साडेपाच पट. साडेपाच गुणिले साडेपाच म्हणजे तीस. आता प्रत्येक टप्प्यावर हिशोबाचं तापमान सव्वादोनशेच्या आत राहतं, वीजही कमी लागते. शाळेतल्या विज्ञानात आलेली एवढीच गोष्ट जहाजावर माणसांचे जीव वाचवते.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये ‘केपटाउन कॅसल’ या ब्रिटिश प्रवासी जहाजाच्या इंजिन रूममध्ये, लास पाल्मास बंदरात, स्टार्टिंग एअरच्या यंत्रणेत स्फोट झाला आणि सात कर्मचारी मरण पावले. असे स्फोट बहुतेकदा एकाच पद्धतीने होतात. कॉम्प्रेसर थोडं थोडं तेल हवेबरोबर पुढे ढकलतो, ते पाइपांच्या आत थर धरून बसतं, आणि सिलिंडरवरचा एखादा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही की आतली ज्वाळा त्या पाइपात शिरते. म्हणून आता पाइपांवर ज्वाळारोधक जाळ्या, दाब वाढला तर फुटून जाणाऱ्या चकत्या, एकदिशी व्हॉल्व्ह आणि टाकीवर ठरावीक तापमानाला वितळणारं बूच असतं. हे बूच वितळतं शंभर अंशांच्या थोडं वर. इंजिन रूममध्ये आग लागलीच तर टाकी बॉम्बसारखी फुटण्याऐवजी हवा सोडून देते.

दुसरा शत्रू तेलापेक्षा साधा आहे: पाणी. समुद्रावरच्या तीस अंशांच्या दमट हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅम वाफ असते. तासाला ४५० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाभरात दहा-अकरा लिटर पाणीही ओढतो. हवा दाबून थंड केली की ते जवळजवळ सगळं बाहेर पडतं. ते निचरा करून काढलं नाही तर टाकीच्या तळाशी साठतं, आतून गंज धरतो, आणि बारीक नळ्यांमधून जाणारी नियंत्रणाची हवा ओली होऊन व्हॉल्व्ह अडकतात. जहाजावर एअर टाक्यांचा निचरा नेमाने करणं हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवलं जाणारं काम आहे. नगरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कॉम्प्रेसर तपासला, तर पाण्याचा हा प्रश्न दिसणारच नाही.

निवड करायची तर कशी?

एक उदाहरण धरू. जहाजावर पंधरा-पंधरा घनमीटरच्या दोन टाक्या आहेत आणि दाब तीस बार. एकूण तीस घनमीटर जागा गुणिले तीस, म्हणजे ९०० घनमीटर साधी हवा एका तासात भरायची. नियम म्हणतो क्षमता कॉम्प्रेसरमध्ये साधारण समान वाटा. म्हणजे प्रत्येकी ताशी ४५० घनमीटरचे दोन कॉम्प्रेसर. अशा एकेका कॉम्प्रेसरला नव्वद किलोवॉटच्या आसपासची मोटर लागते.

इथे पहिला खड्डा आहे. कॅटलॉगमध्ये दोन आकडे असू शकतात. एक पिस्टन किती जागा झाडतो तो, दुसरा प्रत्यक्षात किती हवा बाहेर येते तो. पहिला नेहमी मोठा असतो, कारण पिस्टन वर गेल्यावरही डोक्याशी थोडी हवा उरते, व्हॉल्व्ह थोडे गळतात, आत येणारी हवा गरम सिलिंडरमध्ये फुगते. दोन्ही आकड्यांत पाचवा-चौथा हिस्सा सहज फरक पडतो. नियम बाहेर येणाऱ्या हवेला लागू होतो. ट्रॅक्टरवरचा जुना कॉम्प्रेसर घेताना शेतकरी तो चालवून, ब्रेकर लावून बघतो, कागद बघत नाही. तीच दृष्टी इथे लागते.

पिस्टनच्या डोक्यावरची ती उरलेली जागा साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असते. शिशाची बारीक तार आत ठेवून, शाफ्ट हाताने फिरवून, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची ही तिची जुनी पद्धत. दुरुस्ती करताना कुणी चुकीच्या जाडीचं गॅस्केट घातलं की ही जागा वाढते आणि कॉम्प्रेसर चालतो तर सगळा, पण हवा कमी देतो. मर्चंट नेव्हीच्या इंजिनिअरांच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक जहाजांवर कॉम्प्रेसरची जबाबदारी चौथ्या इंजिनिअरवर असते.

तीस बारसाठी आजही पिस्टनचाच कॉम्प्रेसर चालतो. सात-आठ बारच्या रोजच्या हवेसाठी मात्र स्क्रू कॉम्प्रेसर वेगळा घेणं बरं. तीस बारची हवा दाब उतरवून सात बारच्या कामाला वापरणारी जहाजं भरपूर आहेत, पण आधी चढवायचं आणि मग उतरवायचं यात सैद्धांतिक हिशोबानेच चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाया जाते. एक यंत्र वाचवलं म्हणून खूश होणाऱ्या मालकाला ही रक्कम इंधनाच्या बिलात दिसते.

हवेने थंड होणारा घ्यायचा की पाण्याने? छोट्या जहाजाला हवेचा पुरतो. मोठ्या जहाजावर गोड्या पाण्याची थंड करण्याची व्यवस्था असतेच, तिथे पाण्याचा जास्त शांत आणि टिकाऊ ठरतो. पण हवेचा घेतला तर इंजिन रूमचं तापमान विसरू नये. वर्गीकरण संस्था हिशोबाला ४५ अंश धरतात. शिवाय जहाज हलतं. यंत्र पंधरा अंश कायम कललेलं असताना आणि साडेबावीस अंशांपर्यंत डोलत असतानाही चाललं पाहिजे अशी अट असते. जमिनीवरच्या कॉम्प्रेसरच्या तळातलं तेल साडेबावीस अंशांच्या झोल्यात एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं पडतं. चाळीस वर्षं साखर कारखान्यात विनातक्रार चाललेला कॉम्प्रेसर उचलून जहाजावर ठेवता येत नाही, त्याचं कारण हे.

पाणबुडी हे आणखी वेगळंच प्रकरण. तिथे हवा इंजिनासाठी नव्हे, तर वर येण्यासाठी लागते. टाक्यांमधलं समुद्राचं पाणी दाबलेल्या हवेने बाहेर ढकललं की पाणबुडी हलकी होऊन वर येते. त्यासाठीचा दाब दोनशे बारच्या वर असतो आणि कॉम्प्रेसर शत्रूच्या सोनारला ऐकू न जाण्याइतका शांत हवा. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली.

आता नगरचं बोलू

कॉम्प्रेसर ही वस्तू अहिल्यानगर जिल्ह्यात बनतही नाही, असं समजण्याचं कारण नाही. सुप्यात एसीचे कॉम्प्रेसर बनतात. कॅरिअर मीडियाचा एसीचा कारखाना तिथे आहे आणि मीडिया समूहाचाच कॉम्प्रेसर बनवणारा कारखानाही. पण एसीचा कॉम्प्रेसर बंद डब्यात, शीतक वायूच्या बंद वर्तुळात फिरतो; बिघडला तर उघडत नाहीत, बदलतात. जहाजाचा कॉम्प्रेसर उलट असतो. भर समुद्रात, चार माणसांनी, हातातल्या पान्यांनी तो उघडून पुन्हा जोडता आला पाहिजे. नाव एक असलं तरी धंदा वेगळा.

नगरच्या जवळचा दुवा दुसरीकडे आहे. कॉम्प्रेसरला मोटर लागते, आणि कमी दाबाच्या विजेवरच्या मोटरींचा सीजी पॉवरचा, म्हणजे पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा, कारखाना नगरला आहे. मोटरीला स्टार्टर आणि स्विचगिअर लागतं. ते बनवणारा एल अँड टीचा कारखाना नगरला अनेक दशकं होता. तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला आणि आता लॉरिट्झ नूडसेन या नावाने चालतो. वाहनांच्या इंजिनांचे भाग घडवणाऱ्या छोट्या युनिटांची साखळी आहे. आणि पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक आहे, १९५८ पासून कॉम्प्रेसरच बनवणारी कंपनी. नगर ते पुणे साधारण १२० किलोमीटर.

इतिहास खोदायचा तर नगरला बंदरही होतं. कोकणातलं चौल निजामशाहीच्या ताब्यात होतं आणि १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने तिथल्या पोर्तुगीजांना वेढा घातला होता. वेढा फसला, तो भाग वेगळा.

अडचण यंत्रं घडवण्याच्या कौशल्याची कमी आणि कागदाची जास्त आहे. जहाजाच्या मुख्य यंत्रणेतली वस्तू वर्गीकरण संस्थेच्या मान्यतेशिवाय बसत नाही. भारतात ही संस्था म्हणजे १९७५ साली स्थापन झालेली, मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. परदेशी जहाजमालक लॉइड्स, डीएनव्ही अशा संस्थांचा शिक्का मागतात. हा शिक्का म्हणजे नुसती अंतिम चाचणी नव्हे. क्रँकशाफ्टचं पोलाद कोणत्या भट्टीच्या कोणत्या ओतीचं, तिचा क्रमांक तुकड्यावर कोरलेला आहे का, प्रत्येक तुकडा कापला की तो क्रमांक पुढे नेला का, वेल्डिंग करणाऱ्याचं प्रमाणपत्र चालू आहे का, हे सगळं दाखवावं लागतं. वाहन कंपन्यांना माल देणाऱ्यांना गुणवत्तेच्या कागदांची सवय असते, हे नगरच्या युनिटांच्या बाजूने. पण तो खर्च लाखो नगांवर वाटला जातो. इथे नग किती?

बोटावर मोजण्याइतके. एका जहाजावर दोन किंवा तीन मोठे कॉम्प्रेसर. देशात वर्षाला शंभर मोठी जहाजं बांधली गेली असं धरलं, तरी मागणी दोनशे-तीनशे कॉम्प्रेसरांची. आणि सध्या जगाच्या जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. बाजारात आधीच जर्मनीच्या कीलची सॉअर, नॉर्वेची स्पेरे, जपानची तनाबे अशा कंपन्या दशकानुदशकं बसलेल्या आहेत. जहाजमालक नवा कॉम्प्रेसर निवडताना किमतीआधी विचारतो: सिंगापूरला, रॉटरडॅमला, सँटोसला याचा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी मिळेल का? त्यामुळे ‘नगरमध्ये जहाजाचे कॉम्प्रेसर बनणार’ असा मेसेज आला तर तो निदान दहा वर्षं लवकर आलेला समजावा.

पॅकेजचे पैसेही कुठे जाणार हे पाहावं. ६९,७२५ कोटींपैकी २४,७३६ कोटी जहाजबांधणीच्या आर्थिक साहाय्यासाठी, २५,००० कोटी सागरी विकास निधीसाठी आणि १९,९८९ कोटी शिपयार्डांची क्षमता वाढवण्यासाठी. साहाय्याची योजना ३१ मार्च २०३६ पर्यंत चालणार आहे. यातला पैसा आधी शिपयार्डकडे, जहाज घेणाऱ्याकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे जातो. सुट्या भागांच्या कारखानदारापर्यंत तो ऑर्डरच्या रूपानेच पोहोचणार, आणि ती ऑर्डर शिपयार्डने परदेशी कंपनीला द्यायची की देशी, हे शिपयार्ड ठरवणार.

नौदलाचं चित्र थोडं निराळं आहे, कारण तिथे खरेदीदार एकच आहे आणि त्याला देशी माल हवाच आहे. आपल्या युद्धनौकांचं पोलाद देशी झालं, पण त्यांना चालवणारी यंत्रणा अजून मोठ्या प्रमाणात बाहेरची. २ एप्रिल २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सहा मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन देशात विकसित करण्याचं काम दिलं. प्रकल्प २७० कोटींचा, त्यातले सत्तर टक्के सरकारचे, आणि नमुना इंजिनात किमान निम्मे घटक देशी असावेत अशी अट. इंजिन देशी झालं की त्याला सुरू करणारी हवाही देशी हवी, हा पुढचा साधा प्रश्न. पुण्या-नगरच्या पट्ट्याला ही जास्त खरी संधी आहे. संख्या इथेही कमीच, पण एकदा मान्यता मिळाली की पंचवीस-तीस वर्षं त्या जहाजाला सुटे भाग लागत राहतात.

सुटे भाग हाच शब्द महत्त्वाचा. कॉम्प्रेसर एकदा विकला जातो. व्हॉल्व्हच्या पट्ट्या, पिस्टन रिंगा, गॅस्केट, कूलरच्या नळ्या, बेअरिंग मात्र ठरावीक तासांनी बदलावीच लागतात. या वस्तू घडवणं नगरच्या वर्कशॉपला अशक्य नाही. धोका एवढाच की या बाजारात नकली मालही भरपूर आहे, आणि स्वस्त पोलादाची व्हॉल्व्हची पट्टी तुटली तर तिचा तुकडा सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून मूळ कंपनीचा अधिकृत पुरवठादार होणं किंवा दुरुस्ती करणाऱ्या गोदीशी करार करणं हा लांबचा पण टिकणारा रस्ता. नवी जहाजं बांधण्यापेक्षा असलेल्या जहाजांची दुरुस्ती ही मागणी आजच हजर आहे. राज्याच्या धोरणातही तिला जागा आहे.

सुरुवातीचा खर्च करण्याआधी एखाद्या युनिटने दोन गोष्टी तपासल्या तरी पुरे. आपण सध्या बनवतो त्या भागाच्या पोलादाचा माग भट्टीपर्यंत लावता येतो का? आणि वर्षाला पन्नास-शंभर नगांची ऑर्डर आली, तर मशिन थांबवून सेटिंग बदलणं परवडतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असेल. जिथे ‘हो’ येईल, तिथे मोठ्या ऑटो लाइनपेक्षा पाच-सहा लेथ आणि दोन चांगले फिटर असलेलं जुनं वर्कशॉप सापडण्याची शक्यता जास्त, आणि अशी वर्कशॉप नागापूरच्या गल्ल्यांत अजून आहेत.